हातात न आलेल्या पैशाची नोंद

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण. काही सभासदांनी आकडे पुन्हा नीट पाहायचे आहेत असे सांगितल्यामुळे इथे थोडे विस्ताराने दिले आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन' असा विषय छापला आहे. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायला तेवढाच मोठा माणूस पाहिजे. मी पस्तीस वर्षे बँकेत होतो, म्हणजे पस्तीस वर्षे दुसऱ्यांचे पैसे मोजले. त्यामुळे पैसे कसे वाढवावेत हे मी सांगणार नाही. मी आज फक्त एका नोंदीबद्दल बोलणार आहे. ती नोंद चुकली तर काय होतं, हे मी स्वतःच्या घरात पाहिलं आहे. माझ्यानंतर मुलांचा नाच आहे, त्यामुळे वेळेचं भान ठेवतो.

सुरुवात आपल्या सोसायटीपासूनच करतो. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा निम्म्याहून जास्त घरांतली माणसं आयुध निर्माणीच्या पाळ्या करत होती. मी बँकेतला म्हणून सगळ्यांनी एकमताने मला खजिनदार केलं. आपल्या उपविधीप्रमाणे सिंकिंग फंड गोळा करावाच लागतो. त्यातल्या एक लाख रुपयांची मी पुनर्गुंतवणूक ठेव केली. म्हणजे व्याज हातात घ्यायचं नाही, ते मुद्दलातच मिळवत जायचं. वर्ष संपलं, मी ताळेबंद केला आणि ठेवीपुढे एक लाख लिहिले. लेखापरीक्षकांनी पावती पाहिली आणि विचारलं, "खजिनदार साहेब, व्याज कुठे आहे?" मी म्हणालो, "व्याज आलंच नाही, ते ठेवीतच आहे." ते हसले. म्हणाले, "आलं नसतं तर ठेवीत कुठून गेलं असतं?"

आठ टक्के दराने, तिमाही चक्रवाढीने, एका वर्षात लाखाचे १,०८,२४३ रुपये होतात. ते ८,२४३ रुपये उत्पन्नाच्या बाजूला जमा दाखवायचे आणि तेवढेच ठेवीत वाढवायचे. पैसा सोसायटीच्या बचत खात्याला शिवला नाही, तरी तो एका दाराने आत आला आणि दुसऱ्या दाराने ठेवीत गेला. दोन्ही दारांवर नोंद पाहिजे. माझं आजचं सगळं भाषण या एका वाक्यात आहे. ज्यांना नाच पाहण्याची घाई आहे त्यांनी एवढंच लक्षात ठेवलं तरी चालेल.

निर्माणीतल्या लोकांना हे एनएससीवरून लगेच कळेल. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राचं व्याज पाच वर्षं हातात येत नाही. पण दरवर्षीचं व्याज हे त्या वर्षीचं उत्पन्न धरलं जातं आणि पहिली चार वर्षं ते पुन्हा गुंतवलं असं मानतात. म्हणून तर आपण ते विवरणपत्रात एकदा उत्पन्नात दाखवायचो आणि पुन्हा ८०सीच्या वजावटीतही घ्यायचो. तेव्हा पगार विभागातला बाबू सांगायचा म्हणून आपण करत होतो. का करतो, हे किती जणांनी विचारलं?

आता म्युच्युअल फंडाकडे येतो. आपल्यापैकी जे साठीच्या पुढचे आहेत त्यांना युनिट ट्रस्टची यूएस-६४ आठवत असेल. १ जुलै १९६४ ला सुरू झालेली, दहा रुपयांच्या युनिटची योजना. दर वर्षी लाभांश जाहीर झाला की घरात पेढे यावेत तसा आनंद व्हायचा. लाभांश रोख घ्यायचा नसेल तर त्याचे पुन्हा युनिट घेण्याचीही सोय होती. पुढे जुलै २००१ मध्ये त्या योजनेची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली गेली आणि २००३ मध्ये धारकांना ६.७५ टक्के दराचे करमुक्त बाँड देऊ केले गेले, हा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. त्या योजनेने आपल्या पिढीला एक सवय लावून दिली. 'लाभांश परत त्यातच टाका' असं फॉर्मवर लिहायचं आणि विसरून जायचं. पैसे वाढत राहतात, आपल्याला काही करावं लागत नाही. सवय चांगली होती. पण 'काही करावं लागत नाही' याचा अर्थ आपण 'काही लिहावं लागत नाही' असा घेतला.

आमचे एक स्नेही होते. निर्माणीतून २०१८ साली निवृत्त झाले. वहिनींनी परवानगी दिली आहे म्हणून सांगतो, नाव मात्र घेत नाही. मिळालेल्या पैशांतले पाच लाख त्यांनी त्याच वर्षी जूनमध्ये शेअर बाजाराशी निगडित एका फंडात टाकले आणि लाभांश पुन्हा गुंतवण्याचा पर्याय घेतला. माणूस व्यवस्थित. डायरीत सगळं लिहायचे. ऑगस्ट २०२२ मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि नोव्हेंबरात युनिट विकले. ७,४८,००० रुपये आले. वहिनी डायरी घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, पाच लाखाचे साडेसात लाख झाले म्हणे. अडीच लाखाच्या नफ्यावर टॅक्स लागून राहिला. तुम्ही जरा पाहून द्या."

मी डायरी पाहिली. पहिल्या पानावर पाच लाखांची नोंद होती, तारखेसकट. पुढे दर वर्षी एकेक ओळ होती. 'डिव्हिडंड जाहीर. हातात काही नाही.' बस, एवढंच. किती रुपये, किती युनिट, कोणत्या भावाने, काही नाही. माणसाने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. हातात खरंच काही आलं नव्हतं.

मी त्यांना फंडाचा पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा मागवायला लावला. त्यात प्रत्येक लाभांशाची तारीख, रक्कम, भाव आणि मिळालेले युनिट लिहिलेले होते. पुन्हा गुंतवलेल्या रकमांची बेरीज आली १,६२,००० रुपये. म्हणजे त्या युनिटांची खरी खरेदी किंमत पाच लाख नव्हतीच, ती ६,६२,००० होती. नफा अडीच लाख नव्हता, ८६,००० होता. सगळे युनिट एक वर्षाहून जुने होते. वारसाने आलेल्या युनिटांना मूळ मालकाचीच खरेदी किंमत आणि तारीख लागू होते, त्यामुळे तीही अडचण नव्हती. त्या वेळी अशा दीर्घ मुदतीच्या नफ्यात वर्षाला एक लाखापर्यंत कर नव्हता. वहिनींना या नफ्यावर एक रुपयाही भरावा लागला नाही. डायरीप्रमाणे गेलो असतो तर २,४८,००० मधून एक लाख वजा करून उरलेल्यावर दहा टक्के, म्हणजे १४,८०० रुपये आणि वर उपकर भरला असता. ऑपरेशनच्या महिन्यात.

मी मोठ्या अभिमानाने घरी आलो आणि सौभाग्यवतींना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "लोकांच्या डायऱ्या तपासता. आपल्या कॉम्प्युटरात काय भरून ठेवलं ते कोण तपासणार?"

मंडळी, हा प्रश्न मी हसण्यावारी नेला असता तर बरं झालं असतं. पण रात्री झोप येईना म्हणून कॉम्प्युटर लावला. माझ्या मुलाने मला ग्नूकॅश नावाचं, फुकट मिळणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं आहे. आपल्या बँकेच्या खतावणीसारखंच, दुहेरी नोंदीचं. एका खात्याला नावे टाकलं की दुसऱ्याला जमा. मला ते फार आवडलं होतं. सीए दर वर्षी म्हणायचे, "फंडाचं कॅपिटल गेन स्टेटमेंट आणा." आणि मी म्हणायचो, "कशाला? माझं सगळं तयार आहे," आणि छापलेला कागद त्यांच्यापुढे ठेवायचो. निवृत्त बँक अधिकारी असल्याचा माज म्हणा.

त्या रात्री मला दोन चुका सापडल्या. दोन्ही माझ्याच. सॉफ्टवेअरचा काही दोष नव्हता, मी सांगितलं तेच त्याने लिहून ठेवलं होतं.

पहिली चूक अशी. एका फंडात लाभांशाचे जे जास्तीचे युनिट मिळाले ते मी नुसते युनिटच्या रकान्यात वाढवले होते आणि किमतीच्या रकान्यात शून्य टाकलं होतं. मनात विचार हा, की आपण खिशातून काही दिलं नाही, तर किंमत कसली? २०२१ च्या सुरुवातीला ते सगळे युनिट मी विकले. सॉफ्टवेअरने शून्य किमतीचे युनिट पूर्ण नफ्यात धरले. नफा १,३०,००० रुपयांनी फुगला आणि मी १३,००० रुपये कर जास्त भरला. चूक सापडली तेव्हा सुधारित विवरणपत्राची मुदत केव्हाच टळली होती.

दुसरी चूक बरोबर उलटी. दुसऱ्या एका फंडात २०२१-२२ साली लाभांशाचे जे युनिट आले ते मी 'नवीन खरेदी' म्हणून टाकले. आता दुहेरी नोंदीत खरेदी म्हटली की पैसे कुठून तरी जायला पाहिजेत. मी बचत खात्यातून दाखवले. झालं, कॉम्प्युटरातलं बचत खातं पासबुकापेक्षा ३८,३४० रुपयांनी कमी दिसायला लागलं. मग मी काय केलं? सांगायला लाज वाटते. 'फरक' नावाचं एक खातं उघडलं आणि ३८,३४० रुपये त्यात टाकून पासबुक जुळवलं. ज्या माणसाने शाखेत असताना सस्पेन्स खात्यात फरक ढकलणाऱ्या कारकुनांना रात्री नऊ नऊ वाजेपर्यंत बसवून ठेवलं, त्याने स्वतःच्या घरात हे केलं! परिणाम असा झाला की लाभांशाचं उत्पन्न माझ्या हिशेबात कुठेच आलं नाही आणि विवरणपत्रातही गेलं नाही. आयकर खात्याच्या वार्षिक माहिती पत्रकात, ज्याला एआयएस म्हणतात, ते सरळ माझ्या नावावर दिसत होतं. मी शेवटी अद्ययावत विवरणपत्र भरलं. कर, त्यावर व्याज आणि वर पंचवीस टक्के जादा. नियमच असा आहे की या अद्ययावत विवरणपत्राने कमी भरलेला कर भरता येतो, जास्त भरलेला परत मागता येत नाही. एका चुकीचे पैसे गेले ते गेले, दुसऱ्या चुकीचे भरावे लागले.

आता योग्य नोंद कशी करायची ते माझ्याच उदाहरणावरून सांगतो. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी दोन मिनिटं सहन करावं.

माझ्याकडे २१,३०० युनिट होते. एका युनिटचा भाव २३ रुपये ३० पैसे. फंडाने युनिटमागे दोन रुपये लाभांश जाहीर केला, म्हणजे ४२,६०० रुपये. ज्या दिवशी लाभांश निघतो त्या दिवशी भाव तेवढाच खाली येतो, म्हणून भाव झाला २१ रुपये ३० पैसे. हे नीट समजून घ्या. लाभांश म्हणजे वरून पडलेला पाऊस नाही, आपल्याच विहिरीतून काढलेली बादली आहे. म्हणूनच सेबीने १ एप्रिल २०२१ पासून या पर्यायाचं नाव बदलायला लावलं. आता त्याला लाभांश म्हणत नाहीत, 'उत्पन्नाचे वाटप आणि भांडवल काढून घेणे' अशा अर्थाचं लांबलचक इंग्रजी नाव आहे. उताऱ्यावर आयडीसीडब्ल्यू अशी अक्षरं दिसतात ती हीच.

३१ मार्च २०२० पर्यंत लाभांशावरचा कर फंड परस्पर भरायचा आणि आपल्यासारख्यांच्या हातात तो करमुक्त असायचा. १ एप्रिल २०२० पासून तो आपल्या उत्पन्नात मिळवून आपल्या दराने कर लागतो. शिवाय ठरावीक रकमेच्या वर गेला तर फंड दहा टक्के टीडीएस कापतो. ही मर्यादा तेव्हा वर्षाला ५,००० रुपये होती, १ एप्रिल २०२५ पासून १०,००० झाली आहे. तर माझ्या ४२,६०० मधून ४,२६० रुपये टीडीएस गेला. उरले ३८,३४०. त्याचे २१ रुपये ३० पैशांच्या भावाने १,८०० युनिट आले. मुद्रांक शुल्काचे दोनेक रुपये जातात, ते समजण्यासाठी सोडून देऊ.

या एका घटनेची नोंद तीन ओळींची आहे.

पहिली ओळ : लाभांश उत्पन्न खाते, जमा ४२,६०० रुपये. पूर्ण रक्कम, कापून आलेली नाही.

दुसरी ओळ : टीडीएस येणे खाते, नावे ४,२६० रुपये. हा खर्च नाही. हा आपल्या नावावर सरकारकडे जमा असलेला पैसा आहे. विवरणपत्र भरताना तो वळता होतो किंवा परत मिळतो.

तिसरी ओळ : फंडाचे खाते, नावे ३८,३४० रुपये, युनिट १,८००, भाव २१.३०, आणि त्या दिवसाची तारीख.

४,२६० आणि ३८,३४० मिळून ४२,६००. दोन्ही बाजू जुळल्या. आणि पाहा, बचत खात्याला हात लावला नाही. ज्या नोंदीत बचत खातं येतं ती नोंद चुकली, अशी खूणगाठ बांधा. ग्नूकॅशमध्ये एकाच व्यवहाराच्या अशा तीन ओळी करता येतात. काही विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये 'लाभांशाची पुनर्गुंतवणूक' असा वेगळा पर्याय असतो, तो निवडला की खरेदी आणि उत्पन्न दोन्ही ते आपणहून लिहितं. पण टीडीएसची ओळ पडली की नाही हे तिथेही डोळ्यांनी पाहायचं. पडली नसेल तर उत्पन्न ३८,३४० दिसेल आणि एआयएसमधल्या ४२,६०० शी जुळणार नाही. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही त्यांनी वहीत हेच पाच रकाने आखावेत : तारीख, पूर्ण लाभांश, कापलेला कर, गुंतवलेली रक्कम, आलेले युनिट.

नोंद बरोबर आहे का हे तपासण्याची सोपी युक्ती सांगतो. लाभांशाच्या आधी माझी रक्कम होती २१,३०० गुणिले २३.३०, म्हणजे ४,९६,२९०. नंतर झाले २३,१०० युनिट, गुणिले २१.३०, म्हणजे ४,९२,०३०. त्यात टीडीएसचे ४,२६० मिळवा. पुन्हा ४,९६,२९०. एक रुपया इकडे नाही, तिकडे नाही. आणि वर्षातून एकदा युनिटची शिल्लक उताऱ्याशी दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत जुळवायची. म्युच्युअल फंडांचा एकत्रित खातेउतारा कॅम्स किंवा केफिनटेककडून ईमेलवर मागवता येतो. रुपयात जुळवू नका, भाव रोज बदलतो. युनिटमध्ये जुळवा.

आता प्रश्नोत्तरांत ज्या शंका येतील त्या आधीच सांगून टाकतो.

एक, तारीख का लिहायची? कारण प्रत्येक लाभांशातून आलेले युनिट म्हणजे त्या दिवशीची नवी खरेदी आहे. विकताना जो युनिट आधी आला तो आधी गेला असं धरतात. आपल्याला वाटतं फंड दहा वर्षांचा जुना आहे. पण सात महिन्यांपूर्वीच्या लाभांशाचे जे युनिट आहेत ते सात महिन्यांचेच. शेअर बाजाराच्या फंडात बारा महिन्यांच्या आतल्या नफ्यावर जुलै २०२४ पासून वीस टक्के कर आहे, आणि त्यापुढच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाख सोडून साडेबारा टक्के. सगळं विकायच्या आधी शेवटच्या लाभांशाची तारीख पाहिली तर कधी कधी दोन महिने थांबण्याचे पैसे मिळतात. आणि ज्यांची खरेदी ३१ जानेवारी २०१८ च्या आधीची आहे, त्यांच्या त्या युनिटांना त्या दिवसाच्या भावाचा फायदा मिळू शकतो. त्यासाठीही कोणते युनिट आधीचे आणि कोणते नंतरचे, हे तारखेवरूनच कळणार.

दोन, बोनस शेअरचं काय? पुष्कळांची गफलत इथेच होते, माझी पहिली चूकही त्यातूनच झाली. बोनस शेअरमध्ये कंपनी कुठलंही उत्पन्न तुमच्या हातात देत नाही, फक्त एका शेअरचे दोन करते. इन्फोसिसने २०१८ साली एकास एक बोनस दिला तेव्हा तेच झालं. तिथे नव्या शेअरची किंमत शून्य धरणं बरोबर आहे. लाभांशाच्या युनिटला मात्र किंमत आहे, कारण तो पैसा आधी तुमचं उत्पन्न झाला आणि मग गुंतवला गेला. दोन्ही वेळेला उताऱ्यावर युनिट किंवा शेअर वाढलेले दिसतात, पण एक दुसऱ्यासारखं नाही.

तीन, किती टक्के सुटले हे कसं पाहायचं? परताव्याचा हिशेब करताना लाभांशाचे ३८,३४० रुपये 'मी घातलेले नवे पैसे' धरले तर परतावा उगाच कमी दिसतो. ते 'मिळालेले पैसे' म्हणून एकदा आणि वाढलेल्या किमतीत पुन्हा एकदा धरले तर उगाच जास्त दिसतो. कराच्या हिशेबात ती खरेदी आहे, पण तुमच्या खिशाच्या हिशेबात पैसा आतल्या आत फिरला. दोन प्रश्न वेगळे आहेत, दोन उत्तरं वेगळी येणार. त्यात घाबरायचं काही नाही.

चार, ज्येष्ठ नागरिकांची व्याजाची वजावट? जुन्या पद्धतीत ठेवींच्या व्याजावर जी ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते ती लाभांशाला लागू नाही. मात्र ज्यांचा एकूण कर शून्य आहे त्यांना टीडीएस कापू नये म्हणून तसं घोषणापत्र देता येतं.

पाच, मग हा पर्याय बदलून 'ग्रोथ' का घेऊ नये? रोख लाभांश नको असेल तर नवीन गुंतवणुकीसाठी तो सोपा आहे, त्यात या नोंदी करायची वेळच येत नाही. पण जुनी गुंतवणूक एका पर्यायातून दुसऱ्यात नेणं म्हणजे विकून पुन्हा घेणं धरतात आणि त्यावर नफ्याचा कर लागतो. म्हणून सीएला विचारल्याशिवाय करू नका. आणि हो, सीएंनी उतारा मागितला की द्या. माझ्यासारखं करू नका.

आपल्या काही सभासदांची मुलं अमेरिकेत आहेत. तिथे म्युच्युअल फंडच नाही, तर साध्या कंपनीच्या शेअरचा लाभांशही परस्पर त्याच शेअरमध्ये घालण्याची पद्धत सर्रास आहे, अगदी एका शेअरच्या तुकड्यापर्यंत. दर तिमाहीला एक नोंद, वीस वर्षांच्या ऐंशी नोंदी. तिथल्या दलालांना शेअरची खरेदी किंमत सरकारला कळवण्याचं बंधन २०११ पासूनच्या शेअर खरेदीला आणि २०१२ पासून फंडांना लागू झालं. त्याआधीच्या खरेदीचा हिशेब ठेवणं ज्याचं त्याच्यावर. सुट्टीत मुलं येतील तेव्हा त्यांना एकदा विचारा, 'बाबू, तुझ्या लाभांशाची नोंद कुठे आहे?' आपल्याला काही तरी विचारता येतं हे पाहून ते चकित होतील.

आता शेवटचं सांगतो आणि थांबतो.

मी बँकेत असताना मृत खातेदारांचे दावे माझ्याकडे यायचे. समोर बाई बसलेली असायची, डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पावत्या. विचारलं की म्हणायची, "ते पाहत होते, मला काही माहीत नाही." त्या वेळी मला वाटायचं, नवऱ्याने सांगायला नको होतं का? पण त्या रात्री कॉम्प्युटरसमोर बसलो असताना लक्षात आलं की मी सांगितलं असतं तरी काय सांगितलं असतं? शून्य किमतीचे युनिट आणि 'फरक' नावाचं खातं? माझ्या मागे ही बसली असती तर सॉफ्टवेअरने तिला माझ्याच चुका अगदी नीटनेटक्या छापून दिल्या असत्या. आमच्या स्नेह्यांच्या डायरीत निदान खोटं काही नव्हतं. अर्धंच होतं, पण खरं होतं.

आता आमच्या घरी दर वर्षी मार्च संपला की आम्ही दोघं बसतो. मी कॉम्प्युटरवर आणि सौभाग्यवती उतारा घेऊन. त्या युनिट वाचतात, मी जुळवतो. गेल्या वर्षी एका ठिकाणी त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, "अहो, इथे पूर्ण लाभांश लिहा ना, कापून आलेला काय लिहिता?" मला त्या दिवशी जेवढा आनंद झाला तेवढा बढतीच्या दिवशी झाला नव्हता.

तर माझी विनंती एवढीच आहे. या महिन्यात एका संध्याकाळी टीव्ही बंद करून नवरा-बायकोने एकत्र बसावं. एकत्रित खातेउतारा मागवावा. ज्या ज्या ओळीत पुनर्गुंतवणूक लिहिलं आहे तिच्यापुढे तारीख, पूर्ण रक्कम, कापलेला कर, गुंतवलेली रक्कम आणि युनिट हे पाच आकडे आपल्या वहीत किंवा कॉम्प्युटरात उतरवावेत. ज्यांना जमणार नाही त्यांनी रविवारी सकाळी माझ्याकडे यावं. चहा आमच्याकडून. फीसुद्धा नाही. मीच १३,००० रुपये भरून हे शिकलो आहे, तेवढ्यात तुमच्या सगळ्यांची शिकवणी आली असं समजा.

खजिनदार म्हणून आपण माझ्यावर विश्वास ठेवला. त्या पहिल्या ताळेबंदातली ८,२४३ रुपयांची चूक लेखापरीक्षकांनी वेळेवर पकडली म्हणून सोसायटीच्या दप्तरात राहिली नाही. घरच्या हिशेबाला लेखापरीक्षक नसतो. ते काम एकमेकांनी करायचं असतं.

मुलांनो, या आता, स्टेज तुमचं.

जय हिंद. जय महाराष्ट्र.